४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? २ पाया घेतला की फर्माच्या कसोटीत (पायाच्या ‘संख्या वजा १’ इतक्या घाताला त्या संख्येने भागून बाकी १ येते का, हे पाहणं) पास होते, पण माझा प्रोग्राम ‘नाही’ म्हणतो. नेमकं वर्गीकरण काय?

मूळ नाही. ६४१ × ६७००४१७. प्रोग्रामचं उत्तर बरोबर आहे, पण कदाचित भलत्याच कारणाने. ३२ बिटांच्या चिन्हविरहित चलात ४२९४९६७२९५ पर्यंतच मावतं. तुमची संख्या तिथे १ होऊन बसते आणि १ मूळ नसतेच. ६४ बिटांचं चल घ्या.

२ च्या पायाने इथे काहीच कळत नाही. संख्या आहे २^३२ + १. तिने २^३२ ला भागलं की बाकी −१, म्हणून २^६४ ची बाकी १. कसोटीतला घात २^३२ हा ६४ च्या पटीत आहे. पास होणारच! ३ घ्या: ३ चा ३२ वेळा वर्ग करत गेलं की शेवटची बाकी ३०२९०२६१६० येते. १ नाही, विषय संपला.

‘फर्माकडे कुठे कॅल्क्युलेटर होता’ ही सबब आता पुरे. १६४० च्या सुमारास त्याने हिला मूळ मानलं, पण हे ३२ वर्ग त्याच्याच प्रमेयातून निघतात आणि कागदावर होतात. गणिती ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ हा विभाजक दाखवला. विभाजक ६४क + १ (क पूर्णांक) या रूपाचेच असतात, म्हणजे तशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१: पाचवा भागाकार. पुढे गणिती ल्युकाने ते १२८क + १ वर आणलं. मग उरतात २५७ आणि ६४१, आणि २५७ ही याच घराण्यातली (२^८ + १, म्हणजे २ चा घातही २ चाच घात) असल्यामुळे सामाईक अवयव शक्यच नाही.

भागाकारही नको असेल तर: ६४१ = ५×२^७ + १ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५×२^७ ची बाकी −१, चौथा घात केला की ५^४×२^२८ ची १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १, झालं.

६७००४१७ मूळ आहे. वर्गमूळ २५८८ च्या आसपास आणि विभाजक इथेही १२८क + १ रूपाचेच, म्हणून ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढेच तपासायचे. बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२.

वर्गीकरण म्हणाल तर दोन भिन्न मूळ अवयव, चार विभाजक. स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज फक्त ६७०१०५९, म्हणजे परिपूर्ण संख्येच्या (जिथे ही बेरीज त्या संख्येइतकीच होते) जवळपासही नाही. मला यातलं सगळ्यात देखणं वाटतं ते हे: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९², दोन्हींची बेरीज हीच. मूळ संख्येला असे दोन मार्ग नसतात, त्यामुळे एवढ्यावरही निकाल लागतो.

मात्र ३ चा पाया सगळीकडे चालवू नका; ९१ = ७×१३ त्यातून बिनदिक्कत सुटते. प्रोग्राममध्ये मिलर–राबिन (फर्माच्या कसोटीचं कडक रूप) घाला, पाये २, ३, ५, ७, ११. २१५२३०२८९८७४७ च्या खाली तो चुकत नाही. ११ गाळू नका, कारण पहिले चार पाये ३२१५०३१७५१ ला फसतात आणि तुमची संख्या तिच्याही पुढची आहे.