खाऱ्या पाण्यात कोणाचं कोणाशी जमतं?

प्रश्न : २०० लिटरची खाऱ्या पाण्याची नवी टाकी लावली आहे. क्लाउनफिश, ब्लू टँग आणि डॅमसेल एकत्र ठेवता येतील का?

उत्तर : क्लाउनफिश जरूर ठेवा, बाकी दोन्ही नकोत. ब्लू टँग फूटभर वाढतो, दिवसभर पोहतो. त्याला ही टाकी अपुरीच. डॅमसेल काटक खरा, पण एकदा कोपरा बळकावला की नंतर आलेल्या माशाचे पंख कुरतडतो. पाण्यातले विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की आधी गोबी हा छोटा मासा सोडा, दोन-तीन आठवड्यांनी रॉयल ग्रामा हा दुसरा छोटा मासा, शेवटी क्लाउनफिशची जोडी. जोडीतला एक ठळकपणे लहान निवडा. मोठा लिंग बदलून मादी होतो, लहान नर राहतो, मारामारी लवकर थांबते. आणि हो, गोबी उडी मारतो. टाकीवर बारीक जाळी हवीच.