ट्राउट नाही, मग गळ कशासाठी टाकायचा?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट पकडला आणि गळाचा छंद जडला. आपल्याकडील गोड्या पाण्यात तशी झुंज देणारा मासा कोणता? महासीरपासूनच सुरुवात करावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ट्राउटला बारमाही थंड पाणी लागते, आणि हिमालयातही तो इंग्रजांनी बाहेरून आणून सोडलेला आहे, तेव्हा तो आपल्याकडे नाही याची खंत नको. महासीरपासून मात्र सुरुवात करू नये. आधी मरळ.

मरळ गावतळ्यात, बंधाऱ्यात, पाणवेलींनी भरलेल्या काठालगत राहते आणि हवेतला प्राणवायू घेण्यासाठी अधूनमधून वर येते, त्यामुळे पाण्यावर उठणारे वलय पाहून तिची जागा हेरता येते. रबरी बेडूक वेलींवरून सावकाश ओढत आणावा. पाणी धाडकन फुटते, नवशिका दचकून लगेच रॉड उचलतो आणि बेडूक रिकामाच परत येतो. म्हणून मनात दोन आकडे मोजून मगच झटका द्यावा. पृष्ठभागावर तांबूस पिलांचा पुंजका दिसला, तर तेथे गळ टाकू नये. खाली आईबाप राखणीला असतात आणि आमिषावर भुकेने नव्हे, पिलांसाठी झेपावतात.

शिवडा हा दुसरा शिकारी मासा अंधार पडल्यावर हलतो. त्याचा जबडा दातांनी भरलेला असल्यामुळे गळाआधी तारेचा तुकडा जोडावा. रोहू-कटला पिठाच्या गोळ्यावर येतात, पण बसून राहण्याची तयारी हवी.

आता महासीर. दख्खनी महासीर अस्सल आपल्याकडचा : ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतील माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात आणि खेकड्याचे कवच सहज फोडतात. गळ लागताच तो प्रवाहाबरोबर अशी धाव घेतो, की कच्चे रीळ तेथेच हार मानते. लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्राने या माशाची पिले वाढवून ठिकठिकाणी पुरवली, हे मोलाचे काम. परंतु कावेरीत सोडलेल्या याच माशाने तेथील मूळच्या, आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या कुबडाच्या महासीरवर कुरघोडी केल्याचे अभ्यासक सांगतात. कोठेही पिले सोडणे म्हणजे पुण्यच, असे नाही.

महासीर पावसाळ्यात वर चढून अंडी घालतो, त्यामुळे चढणीच्या दिवसांत गळ घरीच ठेवावा. महाडजवळच्या वाळण कोंडीत हे मासे देवीचे मानले जातात. तेथे रॉड नेऊच नये. अभयारण्यात मनाई असते, आणि धरण-तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून आधी परवानगी घ्यावी. महासीर लागलाच, तर टोकाजवळचा उलटा काटा चेपून टाकलेला एकेरी गळ ओल्या हातांनी, मासा पाण्यातच ठेवून काढावा आणि तो स्वतःहून शेपटी मारीपर्यंत त्याला प्रवाहाकडे तोंड करून आधार द्यावा.