वडिलांचं प्रोस्टेट वाढलंय, बीपीची गोळीही चालू आहे. बीपी न उतरवणारं औषध कोणतं?

सिलोडोसिन किंवा टॅमसुलोसिनबद्दल डॉक्टरांना विचारा. प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन शक्यतो नकोत. सगळी एकाच गटातली, पण ही तीन रक्तवाहिन्याही सैल करतात, म्हणून मुळात बीपीवरच दिली जायची. सिलोडोसिनचा जोर मुख्यतः प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडावर असतो. वीर्य बाहेर न येणं हा त्याचा त्रास मात्र बऱ्याच जणांना होतो. धोक्याचा नाही, पण आधी सांगितलेलं बरं.

मी सदाशिव पेठेत फार्मासिस्ट आहे. काउंटरवर चक्करेची तक्रार येते तेव्हा पहिलं विचारते, गोळी उपाशीपोटी घेतली का? टॅमसुलोसिन रोज ठरावीक जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची. रिकाम्या पोटी ती रक्तात जास्त चढते. एकादशी करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. सुरुवातीचे काही दिवस रात्री लघवीला उठताना पलंगावर पाय सोडून मिनिटभर बसावं, मगच उभं राहावं.

प्रोस्टेटवरचीच दुसऱ्या गटातली औषधं, फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड, बीपीला हात लावत नाहीत, पण गुण यायला सहा महिने लागतात आणि ग्रंथी बरीच मोठी असेल तरच उपयोग.

एक अट: मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर सिलोडोसिन, टॅमसुलोसिनच्या गटातली कुठलीही गोळी सुरू करण्याआधीच डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवा.