एप्रिलमध्ये कोल्हापुरात पाणपक्षी दिसतात का? कुठे, कधी आणि कसे बघावेत?

दिसतात. सुट्टीत नाशिककडच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायचं होतं, जमत नाही, सोबत दहा वर्षांचा मुलगा आहे, दुर्बीण अजून घेतलेली नाही, आणि आता उन्हाळ्यात काही शिल्लक असेल का, असं तुम्ही विचारलंय. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही थंडीची पाहुणी मंडळी एप्रिलपर्यंत बहुतेक उत्तरेला निघून गेलेली असतात. त्यांच्यासाठी वणवण करू नका. पण नवख्या माणसाला शिकायला मला एप्रिलच जास्त बरा वाटतो. गर्दी कमी, पक्षी ठरलेले आणि बरेचसे विणीच्या रंगात.

एकच गोष्ट पक्की धरा: उन्हाळ्यात पाणी नव्हे, काठ बघायचा. पाणी जसं उतरतं तसे मासे, गोगलगायी, किडे थोड्या जागेत गोळा होतात आणि चिखलाची नवी पट्टी उघडी पडते. लांब पायांचे पक्षी त्यांच्या पायाला झेपेल एवढ्याच पाण्यात उतरतात, छोटे चिखलपक्षी तर पाणी जिथे संपतं त्या ओल्या रेघेवरच चरतात. नवखा माणूस तलावाच्या मध्यावर नजर लावून बसतो, तिथे चार पाणकावळे दिसतात आणि तो घरी जातो.

जागा म्हणाल तर सुरुवात रंकाळ्यावरच करा. कारण सोपं आहे: तिथल्या पक्ष्यांना माणसांची सवय आहे, ते जवळून बघू देतात. फिरायला येणाऱ्यांच्या गप्पांचा त्रास होईल, पण जिथे जलपर्णी आणि पाणगवत काठाला लागलंय तिथे थांबलात की जांभळी पाणकोंबडी, वारकरी, टिबुकली मिळायला हरकत नाही. दुसऱ्या खेपेला कळंबा तलाव, गारगोटी रस्त्यालगत. तिथे बांधावर नुसतं उभं राहू नका. कात्यायनीच्या डोंगरांकडून पाणी येतं त्या बाजूचा उथळ काठ बघा. विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव तिसरा. विद्यापीठाच्या आवारात मोर भरपूर आहेत, पण आत दुर्बीण घेऊन हिंडायचं तर आधी गेटवर विचारून घ्या.

वेळ. एप्रिलच्या मध्याला आपल्याकडे सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो. सहाला काठावर हजर राहा आणि साडेआठ-नऊला निघा. नऊनंतर दोन गोष्टी बिघडतात: पक्षी सावलीला जातात, आणि तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते. मग दुर्बिणीतून लांबचा पक्षी पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. दुर्बीण खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडू नका, दोष हवेचा असतो, आणि जास्त शक्तीची दुर्बीण घेतली तर थरथर तेवढीच मोठी दिसते. सकाळी ऊन पाठीवर येईल असं उभं राहा, म्हणजे रंकाळ्यावर शहराकडच्या काठाला. समोरून ऊन असेल तर सगळेच पक्षी काळे.

दुर्बीण 8×42 घ्या. 8 म्हणजे आठपट जवळ, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 10×50 हातात जड पडते, हलते, आणि दिसणारा तुकडाही लहान होतो. झूमची तर अजिबात नको. मुलासाठी 8×32 हलकी पडेल, फक्त दोन्ही नळ्या त्याच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात का, ते दुकानातच बघा. लहान मुलांना दोन वेगळी वर्तुळं दिसतात आणि ती बिचारी "दिसतंय, दिसतंय" म्हणत राहतात.

ती लावायची कशी हे कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर. आधी बिजागरी दुमडून दोन्ही वर्तुळांचं एक करा. मग 30-40 फुटांवरची एखादी पाटी निवडा. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा, अक्षरं स्वच्छ झाली की थांबा. ती कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा. त्यानंतर फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करा, नाहीतर बघण्याचं वर्तुळ चिमुकलं होतं. आणि दुर्बिणीतून पक्षी शोधायचा नाही. नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची.

आता काय बघाल. वारकरी हा काळा कुळकुळीत पक्षी, कपाळावर गोपीचंदनाचा टिळा लावल्यासारखा पांढरा ठिपका. एकदा पाहिला की विसरत नाही, मुलाला हाच पहिला दाखवा. वंचक हा बगळ्यांच्या कुळातला, एरवी मातकट दिसतो, आता विणीच्या रंगात आलेला असेल तर पाठीवर गडद तांबूस पिसं. गायबगळ्याचं डोकं आणि मान केशरी झालेली. पिवळा धोबी जाण्याआधी चकचकीत पिवळा होतो, हे पाहुणे अजून उशिरापर्यंत रेंगाळतात. शेपूट सतत खालीवर करत काठाने पळणारा, खांद्यापुढे पांढरी फट असलेला तो तुतवार.

पांढऱ्या बगळ्यांत सगळे अडखळतात. चोच काळी, पाय काळे, पण बोटं पिवळी: छोटा बगळा. तो उथळ पाण्यात एक पाय पुढे टाकून थरथरवतो, चिखलातलं भक्ष्य हललं की टिपतो. तेवढं मिनिटभर बघा, पिवळी बोटं दिसतीलच. चोच आखूड आणि पिवळी, डोकं केशरी: गायबगळा. मोठ्या आणि मध्यम बगळ्यात घोटाळा झाला तर तोंडाची चीर बघा. मोठ्याची ती डोळ्याच्या मागे जाते, मध्यमाची डोळ्याखालीच थांबते. विणीत दोघांचीही चोच काळी होते, त्यामुळे चोचीच्या रंगावर जाऊ नका.

टिटवीबद्दल वेगळं सांगतो, कारण मार्चपासून ती उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटं म्हणजे खडे रचलेला एक उथळ खळगा, त्यात मातीच्या रंगाची, काळ्या डागांची बहुतेक चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. पायाखाली आली तरी कळत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कोकलायला लागली की घरटं जवळ आहे असं समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा. "कुठे आहे बघू" म्हणून शोधू नका. भर उन्हात ती पोट भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही दहा मिनिटं तिथे रेंगाळलात तर अंडी तापतात, वर तुमच्यामागून कुत्रीही येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही रानपक्ष्यांची अंडी-घरटी छेडणं गुन्हा आहे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही या दिवसांत टाळा, नर घरटं सोडून भांडायला येतो. आणि पाव, फरसाण टाकायचं नाही, कितीही "बिचारे" वाटले तरी.

पक्ष्यांखेरीज काठावर दिवड दिसेल, चौकडीदार अंगाचा पाणसाप, बिनविषारी पण चिडला तर कडाडून चावतो. वाळक्या गवतात घोणसही असू शकते, म्हणून चप्पल नको, बंद बूट, आणि गवतात पाय टाकण्याआधी काठी. इथे रुळल्यावर कृष्णाकाठी सांगली-औदुंबरकडे जायचा विचार झाला तर तिथे नदीत मगरी आहेत, मुलाला पाण्याच्या कडेला नेऊ नका.

सोबत माणशी दीड लिटर पाणी, टोपी, मळखाऊ रंगाचे कपडे, खिशात मावेल अशी वही. वहीत जागा, वेळ आणि संख्या लिहा. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजा, तेवढा तुकडा डोळ्यांत ठेवा आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते बघा. फोनवर मर्लिन हे पक्षी ओळखायचं मोफत अ‍ॅप घेतलं तर घरून निघण्याआधीच भारताचा भाग उतरवून ठेवा, तलावावर रेंज दगा देते. त्याने सुचवलेलं नाव मात्र डोळ्यांनी पडताळल्याशिवाय वहीत चढवू नका.

संध्याकाळी जायचं तर साडेचारनंतर, पण या महिन्यात वळवाच्या पावसाचा भरवसा नाही. गडगडायला लागलं की बांधावरून उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आवर्जून जा: हवा धुतलेली असते, जमिनीतून पंख फुटलेल्या वाळव्या निघतात आणि त्यांच्यामागे वेडे राघू, कोतवाल, भिंगऱ्या तुटून पडतात. फक्त त्या सकाळी कळंब्याच्या उघड्या गाळात उतरू नका. वरून सुकलेला दिसतो, आत पोटरीपर्यंत पाय जातो आणि बूट तिथेच राहतो.