आईला इथं करमत नाही

"मॅडम, आईला आमच्याकडे करमत नाही. आमचं काही चुकतंय का?"

गावाकडून आईला किंवा वडिलांना शहरात आणलेली मुलं माझ्यासमोर बसली की पहिलं वाक्य थोड्याफार फरकानं हेच असतं. पिंपरी-चिंचवडमध्ये समुपदेशक म्हणून काम करते म्हटल्यावर हे ऐकावंच लागतं. इथल्या निम्म्या इमारतींचं एक मूळ कुठल्या ना कुठल्या गावात असतं. त्यातलीच ही एक हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदललेत. आईंचं नाव लिहीत नाही. शाळेतली पोरं त्यांना मावशी म्हणायची, मीही तेच म्हणत गेले.

मुलगा चाकणला कंपनीत, सून बँकेत, नातू दुसरीत. मावशी पारनेर तालुक्यातल्या एका गावातून आठ महिन्यांपूर्वी कायमच्या राहायला आलेल्या. वय बासष्ट. मुलाची तक्रार अशी, की आई पहाटे चारला उठून बसते, बाईनं पुसलेली फरशी परत पुसते, जेवण निम्म्यावर आलंय, बोलणं त्याहून कमी. "तिनं आयुष्यभर काढलं, मॅडम. आता तरी आराम कर म्हणतो, तर तोंड फिरवते."

मावशी शेजारीच बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मी विचारलं, "आराम नको वाटतो का?"

"आराम आजारी माणसानं करायचा आस्तो, ताई."

अशा वेळी आधी शरीराकडे बघावं, हा माझा नेम. भूक गेली, माणूस मिटल्यासारखं झालं, की घरचे लगेच 'डिप्रेशन' म्हणतात आणि आम्हा लोकांनाही तो मोह होतो. ज्येष्ठांसाठीची १५ प्रश्नांची नैराश्य-चाचणी घेतली, गुण आले ६. पाचच्या वर गेलं की लक्ष द्यायचं, म्हणजे काठावर. फिजिशियनकडे पाठवलं. थायरॉइड ठीक होतं, बी-१२ बरंच कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. पहाटे चारला जाग येणं हे नैराश्याचं लक्षण असू शकतं, पण ही बाई चाळीस वर्षं चारलाच उठत होती आणि रात्री नऊला झोपत होती. तिच्या घड्याळात काही बिघडलेलं नव्हतं. नातू शाळेतून आला की चेहरा उजळतो, हे सूनबाईंनीच सांगितलं. आनंद होण्याची जागा शाबूत होती. ती नसती, किंवा "जगून काय करायचं" असं काही त्यांच्या तोंडून आलं असतं, तर मी वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

आणि मग मी चूक केली. सोसायटीच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जा, भजनी मंडळात बसा, असा आमचा ठरलेला सल्ला दिला. मावशी दोन दिवस गेल्या. तिसऱ्या दिवशी नाही.

"काय झालं?"

"त्या बायका चांगल्या हैत. पर काय करत होता इचारलं. म्हटलं शाळेत खिचडी शिजवायचे. तर म्हणाल्या, अगबाई, अजून करतात का तसं! मंग मला तिथं बोलाया काही राह्यलं न्हाई."

तेव्हा कुठे मी खिचडीबद्दल विचारायला बसले. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

मावशी शेतावर वाढलेल्या. दहा वर्षांच्या असताना १९७२ चा दुष्काळ पडला. आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायच्या. मोठ्यांना मजुरी मिळायची, पोरांच्या हातावर सुकडी पडायची. परकराच्या ओच्यात धरून ती घरी धाकट्या भावाला न्यायची, वाटेत खायची नाही, असा आईचा हुकूम. "खायचे थोडी," एवढं सांगून त्या पहिल्यांदा हसल्या. शाळा चौथीपर्यंत. लग्न तालुक्यातच, दोन एकर जिरायत. मुलगा आठवीत असताना नवरा गेला. त्याच सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळेत शिजवलेलं अन्न द्यायला सुरुवात झाली. त्याआधी पोरांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. मावशी मदतनीस म्हणून लागल्या आणि वीस वर्षं राहिल्या. मानधन बरीच वर्षं महिना १,००० रुपये, तेही वर्षातले १० महिनेच. मुलाचं शिक्षण त्यावर कुठलं होणार? ते कांद्यावर झालं. शाळा सुटली की शेत, शेतावरून आलं की गाय.

"सकाळी गेलं की गुरुजींना आधी इचारायचं, आज किती? ते म्हणायचे, चौसष्ट. मंग सहा किलो चारशे तांदूळ."

पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ हे सरकारी प्रमाण. मावशींना ते पाढ्यासारखं पाठ होतं. चौसष्टला डाळ किती, हे मी मनात मांडेपर्यंत त्या म्हणाल्या, "बाराशे ऐंशी." बाजार असला की हजेरी घटायची, लग्नसराईत अजून घटायची, शेवग्याच्या शेंगा कुणी आणून दिल्या की वाढायची. कुठलं पोर घरून उपाशी आलंय हे ताट धरायच्या पद्धतीवरून कळतं, असंही त्यांनी सांगितलं. कसं, ते नाही सांगता आलं. ताट छातीजवळ धरून दाखवलं फक्त.

पुढच्या भेटीला मी सूनबाईंना एकटं बोलावलं. त्या बराच वेळ चांगलंच बोलत होत्या, मग एकदम भरून आल्या. "रोज रात्री विचारतात, उद्या जेवायला किती? आम्ही चारच माणसं आहोत, मॅडम. मला बँकेत उशीर होतो, कधी मी बाहेर खाऊन येते. ते मला ऐकवण्यासाठीच असतं, कळतं मला."

मी त्यांना चौसष्टचा हिशेब सांगितला. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नाही." कोण सांगणार? मुलाला आईची शाळा माहीत होती, पण त्याच्या लेखी ते आईचे कष्ट होते, कधी एकदा संपवायचे असे. आईला कुणी तरी रोज सकाळी एक आकडा द्यायचं आणि त्या आकड्याची जबाबदारी टाकायचं, हे त्याच्या डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं.

दुसरी गोष्ट निघाली ती त्याहून अवघड. मावशींना पुण्याकडे आणताना मुलानं शेत वाट्यानं दिलं आणि गाय विकली. दोन्ही वेळा आईला सांगितलं, विचारलं नाही. "तिला त्रास नको म्हणून," तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. बहुतेक चांगली मुलं हेच करतात. आईचं ओझं उतरवताना तिच्या हातातली किल्लीही काढून घेतात, आणि मग ती रिकाम्या हाताकडे बघत का बसते, याचं कोडं घेऊन माझ्याकडे येतात.

उपाय म्हणावं असं फारसं काही केलं नाही. सूनबाई रात्री आकडा सांगू लागल्या, "आई, उद्या तीन, मी बाहेर." सकाळचे डबे मावशींकडे गेले, पण त्यांनी मागितले म्हणून. हे उगाच काढून दिलेलं काम नव्हे. आईला गुंतवायचं म्हणून खोटं काम काढून दिलं, तर ते तिला पहिल्या दिवशी कळतं. शेताचं मुलानं त्यांच्यावर सोडलं. त्यांनी ठरवलं, मृगाच्या आधी गावी जायचं, बाजरी घरात आली की परत यायचं. मुलगा धास्तावला. एकटी राहणार, बीपी आहे, रात्री काही झालं तर? रास्त भीती होती, म्हणून तीवर दोन भेटी घालवल्या. गोळ्यांची डबी वाराप्रमाणे भरून द्यायची, शेजारची पुतणी रात्री झोपायला येणार, रोज सातला फोन. बी-१२ चं पुढचं इंजेक्शन तालुक्याला. गाय काही परत आली नाही.

सगळं गोड झालं असं नाही. फरशी त्या अजून दुसऱ्यांदा पुसतात आणि कामवाल्या बाई अजून रुसतात. सासू-सुनेचं दर महिन्याला एकदा वाजतंच. पण ताटातलं अन्न संपू लागलं, आणि चार महिन्यांनी चाचणीचे गुण ३ वर आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गावी जाण्याआधी त्या मला भेटायला आल्या. मुलगा गाडी लावत होता. खुर्चीत टेकल्या, खोलीभर नजर फिरवली, बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं मोजली.

"तुमच्याकडं दिवसाला किती येत्यात, ताई?"

"पाच-सहा."

"आन् चहा कोण करतं त्यांना?"

कुणीच नाही, म्हटलं. मावशींनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की मी दुसऱ्या दिवशी किटली घेऊन आले.