घरच्या इंटरनेटचे आणि केबलचे बिल वाढतच चालले आहे. केबल बंद करून टाकावी का?

आपण लिहिले आहे की दोन्ही मिळून महिन्याला सोळाशेच्या पुढे जातात, दर वाढतच आहेत, केबल वडिलांशिवाय कोणी पाहत नाही, तेव्हा ती बंद करून इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्यावा का आणि घ्यायचा तर किती वेगाचा. माझे उत्तर असे की केबल बंद करू नये. घरखर्चाला कात्री लावायची ठरली की ती सर्वांत आधी म्हाताऱ्या माणसाच्या टीव्हीवर चालते, हे मी आमच्या घरात पाहिले आहे, त्यावरून पुष्कळ वाद घातला आहे आणि त्या वादातली माझी बाजू बरोबरच होती असे मला आजही वाटते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, केबलसाठी नवी दरपद्धत लागू झाली, तेव्हा आम्हा सांगलीकरांच्या दारीही केबलच्या वसुलीला येणारा मुलगा छापील कागद घेऊन आला. त्या कागदावर तीन पॅक होते, सर्वांत स्वस्त पॅक साडेतीनशेच्या आसपास होता आणि यातला एक निवडला नाही तर सोमवारपासून चॅनल दिसणार नाहीत, असे त्याने सांगितले. वाहिन्या सुट्या घेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला आहे हे मी वर्तमानपत्रात वाचले होते, म्हणून कागद त्याला परत दिला आणि वही घेऊन सासूबाईंजवळ बसले. त्यांना क्षणभरही आठवावे लागले नाही. संध्याकाळी झी मराठी, दुपारच्या पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या मालिकांसाठी कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह, बातम्यांना एबीपी माझा आणि सकाळी सह्याद्री. "हिंदीतलं काही नको गं, आणि ती कार्टूनं कुणासाठी घ्यायची?" असे त्या म्हणाल्या.

तेव्हाचा हिशेब असा होता. पहिल्या शंभर साध्या वाहिन्यांसाठी जोडणीचे मासिक शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सह्याद्री आणि एबीपी माझा या मोफत वाहिन्या त्यातच आल्या. झी मराठीचे १९, कलर्स मराठीचे १० आणि स्टार प्रवाहचे ९ असे ३८ रुपये, करासह ४४ रुपये ८४ पैसे. एकूण १९८ रुपये २४ पैसे. जी बाई दिवसातले पाच-सहा तास टीव्हीसमोर बसते, तिची सगळी गरज दोनशे रुपयांच्या आत भागत होती आणि उरलेले दीडशे रुपये आमच्या घरात कधीही न लावल्या जाणाऱ्या वाहिन्यांचे होते. "काकू, असं सुटं कोणी घेत नाही," असे तो मुलगा म्हणाला, तेव्हा मी वाहिन्यांची यादी अर्जाच्या रूपात लिहून दिली आणि दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घेतली. दोन-चार दिवस टाळाटाळ झाली, पण यादीप्रमाणे वाहिन्या सुरू झाल्या.

खरा वाद त्यानंतर झाला. माझे धाकटे दीर पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतात. गणपतीत घरी आले की घराचा खर्च कसा कमी करावा हे ते सर्वांना सांगतात. "वहिनी, आता केबल कोण बघतं? नुसती उधळपट्टी आहे," असे म्हणत त्यांनी एका वर्षी स्वतः पुढाकार घेऊन फायबरचे इंटरनेट जोडून घेतले, नवा स्मार्ट टीव्ही आणला आणि केबलचा सेट टॉप बॉक्स काढून माळ्यावर ठेवला. हेतू वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हटले होते. परंतु साडेसातच्या मालिकेच्या वेळी अ‍ॅप आपोआप लॉगआउट झालेले असे, पुन्हा आत जायला ओटीपी लागे, तो ओटीपी पुण्याला भाऊजींच्या मोबाइलवर जाई आणि भाऊजी त्या वेळी मीटिंगमध्ये असत. सासूबाई हातात रिमोट घेऊन पडद्यावर उमटलेल्या चौकोनी अक्षरांच्या पाटीकडे पाहत बसत. "राहू दे, त्याला त्रास देऊ नकोस," असे त्याच मला सांगत. पुढे तर आपल्यामुळे सर्वांना त्रास होतो, असे मनाशी धरून त्यांनी संध्याकाळी टीव्ही लावायला सांगणेच सोडले. केबलच्या बॉक्सला एक बटण दाबून तीन आकडे टाकले की वाहिनी लागते आणि पंच्याऐंशीव्या वर्षी तेवढेच जमते, ही गोष्ट भाऊजींच्या हिशेबात कुठेच नव्हती.

पैशांचेही तसेच झाले. प्लॅनसोबत मिळालेली अ‍ॅपची सवलत वर्षाने संपली, मग एकेक वर्गणी वेगळी भरावी लागली आणि वर्षअखेरीला वहीत बेरीज केली तेव्हा ती केबल असतानापेक्षा जास्त भरली. "क्रिकेट तर अ‍ॅपवर फुकट आहे," हा भाऊजींचा ठरलेला मुद्दा असे. आयपीएल २०२३ आणि २०२४ मध्ये जिओसिनेमावर खरोखरच मोफत होती, पण २०२५ मध्ये त्याच्या जागी जिओहॉटस्टार आले आणि ती सवलत गेली. आधी फुकट देऊन सवय लावायची आणि मग दर लावायचा, हा या धंद्याचा उघड मार्ग आहे, त्यामुळे आजच्या फुकटावर पुढच्या वर्षीचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. केबल आम्ही पुन्हा जोडून घेतली.

आता इंटरनेटकडे येते, कारण आपले बिल फुगलेले आहे ते मला तिथेच दिसते. जाहिरातीत लिहिलेला दर जीएसटी सोडून असतो, त्यामुळे ९९९ चा प्लॅन प्रत्यक्षात १,१७८ रुपये ८२ पैशांना पडतो. जिओफायबरने ऑगस्ट २०२० मध्ये आणलेले दर पाहिले तर ३९९ रुपयांना ३० एमबीपीएस (इंटरनेटचा वेग मोजण्याचे एकक), ६९९ ला १०० आणि ९९९ ला १५० एमबीपीएससोबत ओटीटी, म्हणजे मालिका-सिनेमांची अ‍ॅप, अशी ती उतरंड होती. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत करासह महिन्याला ७०८ रुपयांचा, म्हणजे वर्षाला जवळपास साडेआठ हजारांचा फरक आहे. एचडी चित्राला पाच-सहा एमबीपीएस पुरतात आणि व्हिडिओ कॉलला त्याहूनही कमी लागतात. चार माणसांच्या घराला ३० ते ५० एमबीपीएसमध्ये काही कमी पडत नाही. आतल्या खोलीत नेट अडखळते म्हणून मोठा प्लॅन घेणारे पुष्कळ आहेत, पण तिथे बहुतेक वेळा दोष राऊटरच्या जागेचा असतो. तो टीव्हीमागच्या कपाटातून काढून घराच्या मध्यावर उंच ठेवावा आणि मगच वेग कमी आहे की नाही ते ठरवावे. आपल्या घरी मोठ्या फाइली पाठवण्याचे काम कोणी करत असेल, तर मात्र अपलोडचा वेग विचारून घ्यावा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वर दिलेले केबलचे दर २०१९ चे आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर १३० रुपयांत २०० वाहिन्या मिळू लागल्या आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने त्या शुल्कावरची मर्यादाच काढून घेतली, त्यामुळे आपला केबलचालक किती शुल्क घेतो हे आपल्यालाच विचारावे लागेल. वाहिनी सुटी मागण्याचा हक्क मात्र कायम आहे. वडील क्रिकेट पाहत असतील तर क्रीडा वाहिन्यांमुळे आकडा वाढेल. त्यांना सह्याद्री आणि मोफत वाहिन्या पुरत असतील, तर दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही, फक्त डिश आणि बॉक्सचा एकदाचा खर्च आहे. परंतु गच्चीवर डिश लावायला सोसायटीची परवानगी लागते आणि आवडीची मालिका तिथे असेलच असे नाही. घरात टीव्ही पाहणारे सगळेच मोबाइल सहज हाताळणारे असतील, तर केबल बंद करायला माझी हरकत नाही. आपल्या घरी तसे दिसत नाही.

तेव्हा पुढच्या रिचार्जच्या आधी वडिलांना ते काय पाहतात ते विचारून वाहिन्यांची यादी करा, ती केबलचालकाला लेखी द्या आणि प्रतीवर सही घ्या. त्याने सुट्या वाहिन्या द्यायला नकार दिला तर त्याच्या कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक मागा, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. इंटरनेटचा प्लॅन एक पायरी खाली आणून महिनाभर वापरून पाहा. घरात कोणी तक्रार केली, तर ती वडिलांच्या वाहिन्या काढून भागवू नका. ज्याला जास्त वेग हवा असेल त्याने वरचा फरक भरावा.