सगळ्या कमांड पाठ आहेत, पण फोनवर काहीच सुचत नाही

“घरी वाचत बसले की मला सगळे येते. फोनवर पलीकडून प्रश्न आला की मात्र डोके रिकामे होते, आणि मग वाटते, इतकी वर्षे मी काम केले की नुसताच वेळ काढला?” लिनक्स (सर्व्हरवर चालणारी संगणक प्रणाली) आणि नेटवर्किंगच्या कामासाठी मुलाखतीच्या पहिल्या तांत्रिक फेरीची तयारी करणारी माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा थोड्याफार फरकाने हीच तक्रार ऐकायला मिळते. त्यांपैकी एकीचा अनुभव तिच्या संमतीने आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलून येथे मांडतो आहे.

या बाई बरीच वर्षे सर्व्हरच्या देखभालीचे काम करीत होत्या आणि आता वरच्या पदासाठी अर्ज करीत होत्या. दोन ठिकाणी पहिल्याच फेरीत नकार आला. नकाराचे कारण कोणी कळवले नाही, त्यामुळे ते त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते: पाठांतर कमी पडले. म्हणून त्यांनी एक जाडजूड वही केली होती. तिच्यात प्रत्येक कमांड, तिचे सगळे पर्याय, २२, ५३, ८०, ४४३ हे पोर्ट (सर्व्हरवरच्या सेवांचे ठरलेले क्रमांक), चालू प्रोग्रॅम थांबवणाऱ्या ९ आणि १५ क्रमांकांच्या सिग्नलमधला फरक, नेटवर्कचे सात थर, सारे रंगीत शाईने उतरवलेले होते. रोज रात्री ती वही पहिल्या पानापासून वाचायची, असा नेम होता.

वहीत चुकीचे काहीच नव्हते. अडचण वाचण्याच्या पद्धतीत होती. लिहिलेले पुन्हा वाचताना मजकुराची ओळख पटत जाते आणि ओळख पटली म्हणजे आपल्याला येते, असा समज होतो. मुलाखतीत मात्र समोर वही नसते, तिथे कोऱ्या मनातून आठवावे लागते, आणि ही सवय वेगळी लावून घ्यावी लागते. दुसरे असे की पहिल्या फेरीत बहुतेक जाणकार मुलाखतकार पाठांतर तपासतच नाहीत. बिघाडाचे लक्षण दिसल्यावर हा माणूस कारणापर्यंत कोणत्या क्रमाने जातो, हे त्यांना ऐकायचे असते. एखाद्या कमांडचा अमुक पर्याय कोणता, असे विचारणारेही भेटतात, हे खरे आहे; पण ते मॅन्युअल उघडून क्षणात सापडते, आणि केवळ त्यावर उमेदवार नाकारणाऱ्या ठिकाणी काम न मिळाल्याचे दुःख फार करू नये, असे माझे मत आहे.

माझीही काही वर्षे सर्व्हर सांभाळण्यात गेली असल्याने मी त्यांना तिथेच एक प्रश्न विचारला. “किती जागा भरली ते दाखवणारी डीएफ कमांड सांगते की डिस्क १०० टक्के भरली आहे. डीयू कमांडने सगळ्या फाइलींची बेरीज केली, तर निम्मीही भरत नाही. असे का होत असेल?” प्रश्न संपण्याआधीच उत्तर सुरू झाले. त्यांनी एका दमात पाच-सहा कमांड पर्यायांसह म्हणून दाखवल्या. त्यांत योग्य कमांडही होती, पण ती का योग्य, हे त्यांच्या बोलण्यातून कळत नव्हते. मी म्हटले, “कमांड थोडा वेळ बाजूला ठेवा. आपण फाइल पुसतो, तेव्हा नेमके काय पुसले जाते?”

त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “नाव. फोल्डरमधली नोंद जाते.” मग वाक्यामागून वाक्य आपोआप येऊ लागले. नोंद गेली तरी एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, ती फाइल उघडी धरली असेल, तर तिचा इनोड (फाइलची माहिती साठवणारी रचना) आणि तिने व्यापलेली जागा सुटत नाही. डीयू फोल्डरमधल्या नोंदी पाहत फिरते, म्हणून तिला ती फाइल दिसत नाही. डीएफ थेट फाइल सिस्टीमला विचारते, म्हणून तिला व्यापलेली जागा दिसते. तेव्हा पुसलेली पण उघडी फाइल कोणाकडे आहे, ते उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफ कमांडने शोधायचे आणि ती प्रोसेस नीट पुन्हा सुरू करायची. शेवटी त्यांनी आपणहून पुस्ती जोडली की याच्या उलटही घडते: डीएफ जागा शिल्लक दाखवते, तरी नवी फाइल तयार होत नाही, आणि तेव्हा इनोड संपलेत का ते पाहावे लागते. हा प्रकार त्यांनी कामावर स्वतः निस्तरला होता. वहीत तो कुठेच नव्हता.

त्यांच्याजवळचे खरे ज्ञान बिघाडांच्या आठवणींत होते आणि त्या तयारी करीत होत्या यादीची. म्हणून आम्ही वही बंद केली. आजवर स्वतः सोडवलेले बिघाड आठवून प्रत्येकाला एक कोरे पान द्यायचे. त्यावर फक्त लक्षण लिहायचे, आणि उरलेले सगळे मोठ्याने बोलून सांगायचे, असे ठरले. ऐकणारा तांत्रिक क्षेत्रातला असलाच पाहिजे असे नाही, किंबहुना नसलेला बरा, कारण तो मध्येच “म्हणजे काय?” असे विचारतो. कोणी नसेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करून स्वतःच ऐकावे. स्वतःचा आवाज ऐकणे बहुतेकांना नकोसे वाटते, आणि त्यांनाही वाटले.

पुढच्या बैठकीला त्या नेटवर्कचे एक पान घेऊन आल्या. “सर्व्हरला जोडता येत नाही,” एवढेच त्यावर लिहिलेले होते. यावर पूर्वी त्या लगेच पिंगपासून (यंत्र उत्तर देते का ते पाहणाऱ्या कमांडपासून) सुरुवात करीत असत; आता त्यांनी आधी विचारले की जोडणी नाकारली जाते आहे, की वाट पाहून वेळ संपते आहे. हा प्रश्न अनुभवी माणसाचा आहे. नकार लगेच येत असेल, तर पॅकेट, म्हणजे पाठवलेला माहितीचा तुकडा, तिथवर पोहोचले आणि उत्तरही परत आले. म्हणजे बहुधा त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही, किंवा फायरवॉलने (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेने) उघड नकार दिला आहे. काहीच उत्तर न येता वेळ संपत असेल, तर पॅकेट वाटेत कुठेतरी गळते आहे, फायरवॉल ते मुकाट्याने टाकून देते आहे, किंवा ते यंत्रच बंद आहे. पत्त्याने जोडता येते आणि नावाने येत नाही, असे असेल तर शोध नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडे वळतो. पिंगला उत्तर आले म्हणून सेवा सुरू आहे असे ठरत नाही, कारण पिंग कोणत्याही पोर्टला हात लावत नाही. नकार आणि वेळ संपणे हे दोन्ही प्रकार त्यांनी घरच्या दोन आभासी यंत्रांवर (संगणकातच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांवर) मुद्दाम घडवून पाहिले होते, आणि त्यामुळे त्यांच्या सांगण्यात नुसते वाचलेल्या माणसाचा संकोच उरला नव्हता.

आता डोके रिकामे होण्याविषयी. मुलाखतीत मनाचा एक मोठा भाग “मी कशी दिसते आहे, त्यांना काय वाटत असेल” या पहाऱ्यातच गुंततो आणि विचार करायला उरलेली जागा तोकडी पडते. या बाईंच्या बाबतीत शांततेची भीती सर्वांत मोठी होती. दोन क्षण कोणी बोलले नाही की त्या हाताशी येईल ती कमांड बोलून टाकीत. त्यावर आम्ही फक्त एवढेच बसवले की प्रश्न आला की तो आधी आपल्या शब्दांत परत सांगायचा, एखादी शंका विचारायची, आणि “मला थोडा विचार करू द्या” हे वाक्य लाज न बाळगता उच्चारायचे. माहिती नसेल तिथे “हे मला पक्के ठाऊक नाही, पण मी असे तपासून पाहीन” म्हणून पुढे जायचे. ठोकून देणारा उमेदवार दुसऱ्या उपप्रश्नाला सापडतो.

मात्र सगळी भीती निराधार नसते. तिचा काही भाग बरोबर असतो. सबनेटचा, म्हणजे मोठे जाळे लहान गटांत विभागण्याचा, हिशेब त्यांना खरोखरच येत नव्हता आणि तिथे धीर देऊन उपयोग नव्हता. १९२.१६८.१०.७७ हा पत्ता /२६ च्या जाळ्यात (पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २६ जाळ्याचे) असेल, तर प्रत्येक गट ६४ पत्त्यांचा, म्हणून या गटाची सुरुवात ६४ ला, शेवटचा १२७ हा ब्रॉडकास्टचा (गटातल्या सगळ्यांना एकदम निरोप पाठवण्याचा), आणि मधले ६२ वापरण्याजोगे, असा हिशेब कागदावर रोज थोडा थोडा केल्याशिवाय बसत नाही. लोड ॲव्हरेजचेही, म्हणजे यंत्रावरच्या कामाच्या भाराच्या सरासरी आकड्याचेही, तसेच. सीपीयू निवांत असूनही लिनक्समध्ये तो आकडा चढू शकतो, कारण डिस्कच्या प्रतीक्षेत अडकलेल्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात, हे त्यांना नव्याने शिकावे लागले.

ज्यांनी लिनक्सवर प्रत्यक्ष काम केलेलेच नाही, त्यांना ही पद्धत पुरणार नाही. त्यांनी आधी एखादे आभासी यंत्र घेऊन ते बिघडवण्याची आणि सुधारण्याची मेहनत करावी. आणि मुलाखतीच्या नुसत्या कल्पनेने झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, तर तयारीच्या सल्ल्याआधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक आहे.

त्यांच्या तिसऱ्या मुलाखतीत प्रश्न आला की व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून) छोटी पाने उघडतात, पण मोठी फाइल अडकून राहते. उत्तर त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते सांगितले आणि मोठ्याने विचार केला: लहान पॅकेट जाते, मोठे जात नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी आकाराची मर्यादा आहे, तेव्हा वेगवेगळ्या आकारांची पिंग पाठवून ती कुठे थांबते ते मी पाहीन. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) हा शब्द मुलाखतकारानेच पुरवला आणि पुढच्या फेरीसाठी बोलावले. त्या फेरीत मात्र निवड झाली नाही. या वेळी कारण कळवण्यात आले होते, त्या पदासाठी ऑटोमेशनचा अनुभव हवा होता, आणि आमच्या पुढच्या बैठकीचा विषय तोच ठरला.